ओल्या पुठ्ठ्याचा वास

सोमवारी दुकान बंद. मी नाही.
नळ्या धुतो. आधी औषधाचं पाणी,
मग साधं पाणी, मग पुन्हा साधं,
शेवटी जीभ लावून बघायची
पाण्याला पाण्याचीच चव आहे ना.
ज्याच्या नळ्या घाण, त्यानं बिअरवर बोलू नये,
हे माझं पहिलं मत. बाकीची
गिऱ्हाईक विचारेल तशी.

विचारतातच. टॉडमॉर्डनच्या चढावर दुकान,
खाली कालवा, वर रेल्वेचा पूल,
मध्ये मी, आणि फळीवर दोनशे चाळीस डबे,
निम्म्यांवर कवट्या, ऑक्टोपस, अंतराळवीर.
पैसे चित्रकाराला गेले, माल्टला उरले नाहीत.
फिन्ली येतो, डब्याचा फोटो काढतो,
घोट घ्यायच्या आधीच साडेतीन तारे देतो.
ऑड्री क्लेग येते, तीस वर्षं बस चालवलेली,
अर्धा पाइंट माइल्ड, काळी, गोडसर.
गढूळ बिअर दाखवली तर म्हणते,
"धुकं मी घाटात फुकट बघितलंय."
त्या वाक्यापासून तिचे शेंगदाणे बिलात नसतात.

सहा पौंडांचा पाइंट. लाज मलाही वाटते.
पण भाडं, वीज, कर, फुटलेला फ्रीज,
सगळं त्या एका ग्लासात बसवायचं असतं,
फेसासकट.

आता खरं सांगतो.
मागच्या हिवाळ्यात तापातून उठलो
तेव्हा नाक गेलं होतं.
म्हणजे होतं जागेवर, चष्मा टेकण्यापुरतं.
नाक मुठीत धरून जगतात लोक,
माझ्या मुठीतही काही नव्हतं.
चौदा महिने मी तसंच दुकान चालवलं.
"हिला आंब्याचा वास," म्हणायचो,
"मागून पाइनचा, भिजलेल्या कुंपणाचा,"
तेराच्या पाढ्यासारखं, पाठ.
लोक ग्लास नाकाशी नेत, डोळे मिटत,
"हो की!" म्हणत.
त्यांना यायचा तो वास. माझ्या शब्दांचा.
जन्मभर नाकानं कांदे सोलले,
आता कांदा चिरला तर नुसते डोळे ओले.
सांगणार कुणाला?
बहिऱ्या वाजंत्र्याला सुपारी कोण देतं?

ऑड्रीनं ओळखलं.
एका संध्याकाळी ग्लास पुढं सरकवून म्हणाली, "हुंग."
"सुंदर," म्हटलं, "चॉकलेट, करपट टोस्ट."
"थर्मासमधला गार चहा आहे," ती म्हणाली,
आणि शेंगदाणे खात बसली.
दुसऱ्या दिवसापासून नवं पिंप आलं की
आधी ती हुंगायची, मग मला हळूच सांगायची:
"थांब्यावरचं ओलं कुत्रं."
"शाळेची सहल, मागची सीट, परतीचा प्रवास."
"ब्रेक घासल्यावर येतो तो, पण चांगला."
मी पाटीवर लिहायचो: फळांचा, किंचित आंबट, धाडसी.

मग एप्रिलात एका गुरुवारी
वेल्सहून ऱ्होड्री आला, व्हॅनमध्ये शेवटचा माल.
भट्टी विकली म्हणाला. बारा खोकी उरलीत.
मी एक डबा उघडला, सवयीनं नाकाशी नेला,
आणि काहीतरी आलं.
दुरून. जुन्या ओळखीचं.
ओला पुठ्ठा.
हवा शिरली की बिअरला येतो तो,
ज्याच्यासाठी आम्ही पिंपंच्या पिंपं परत धाडतो.
पुन्हा हुंगलं. ओला पुठ्ठा!
जिन्याखाली विसरलेलं खोकं, त्यात कुणाचे तरी बूट,
सगळं, सगळं आलं.

"खराब झाली का रे?" ऱ्होड्रीचा चेहरा पडला.
"पार गेली," मी म्हणालो, आणि रडायला लागलो.
त्याला वाटलं, त्याच्या भट्टीसाठी.
पाठीवर हात फिरवत राहिला बिचारा,
"असू दे, असू दे," म्हणत.
मी असू दिलं.
बाराही खोकी घेतली. पूर्ण दरानं.

आता सोमवारी, नळ्या धुऊन झाल्या की
त्यातला एक डबा फोडतो, पोटभर हुंगतो,
मोरीत ओततो.

ऑड्री अजून आधी हुंगते.
नाक परत आल्याचं तिला सांगायचं राहिलंय.
परवा नव्या स्टाउटला म्हणाली,
"रात्रपाळी संपवून घरी आलेला माणूस, कोट न काढता."
मी हुंगलं. तोच होता.
या वेळी पाटीवर तसंच लिहिलं.